अदृश्याचं वजन

१८६७ साली क्यूबा ते फ्लोरिडा समुद्राखालून तार टाकायला निघालेल्या मोहिमेत फिलिप क्रुक्स नावाचा २१ वर्षांचा तरुण पीतज्वराने दगावला. त्याचा थोरला भाऊ विल्यम तेव्हा लंडनमध्ये होता. वय ३५, आणि युरोपभरच्या रसायनशास्त्रज्ञांना नाव ठाऊक. सहा वर्षांपूर्वी गंधकाम्लाच्या कारखान्यातला गाळ ज्योतीवर धरून वर्णपट पाहताना त्याला एक झगझगीत हिरवी रेषा दिसली होती. माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती. असा थॅलियमचा शोध लागला आणि १८६३ मध्ये रॉयल सोसायटीने क्रुक्सला सभासद करून घेतलं. हा रीजंट स्ट्रीटवरच्या एका शिंप्याचा मुलगा. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा शिक्का नाही, प्राध्यापकी नाही. प्रयोगशाळा राहत्या घरात, आणि संसाराचा गाडा ओढायला ‘केमिकल न्यूज’ हे स्वतः काढलेलं नियतकालिक. जे मिळवलं ते तराजू आणि डोळे यांच्या बळावर मिळवलेलं होतं.

फिलिपचा मृत्यू त्याला सोसला नाही. त्या काळच्या लंडनमध्ये अशा दुःखाला एक वाट हमखास सापडे. अमेरिकेतल्या हाइड्झव्हिल गावी १८४८ मध्ये फॉक्स भगिनींच्या घरात ठकठक आवाज ऐकू येऊ लागले, ते मृतात्म्यांचे निरोप आहेत असं लोकांनी मानलं, आणि बघता बघता ही लाट अटलांटिक ओलांडून आली. सरदारांच्या दिवाणखान्यांपासून कामगारांच्या चाळींपर्यंत अंधारात टेबलाभोवती हात धरून बसणारी माणसं दिसू लागली. याला नुसतं भाबडेपण म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल. १८६६ मध्ये अटलांटिकखालची तार कायमची सुरू झाली होती आणि हजारो मैलांवरचा माणूस तांब्याच्या तारेतून जवळजवळ तत्क्षणी बोलू लागला होता. मग मृत्यूपलीकडून निरोप का येऊ नये, असा प्रश्न शहाण्यासुरत्या माणसांनाही पडत होता. त्या तारेवर काम केलेला अभियंता क्रॉमवेल व्हार्ले स्वतः परलोकवादी होता, आणि क्रुक्सशी त्याची ओळख होती.

विज्ञानाच्या जगाचं मत मात्र बरंचसं ठरलेलं होतं. १८५३ मध्ये मायकेल फॅरडेने फिरणाऱ्या टेबलांचा छडा लावला होता. टेबलाचा पृष्ठभाग आणि बसणाऱ्यांचे हात यांच्यामध्ये त्याने सरकणाऱ्या पातळ फळ्या ठेवल्या आणि दाखवून दिलं, की टेबल हातांना ओढत नाही, हातच नकळत टेबलाला ढकलतात. लोक खोटं बोलत नव्हते. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने अशा नकळत होणाऱ्या हालचालींची उपपत्ती आधीच मांडली होती. टॉमस हक्सलीने तर अशा चौकशीला वेळच नाही म्हणून एका समितीचं निमंत्रण सरळ परत पाठवलं.

क्रुक्स त्या वाटेने गेला नाही. जुलै १८७० मध्ये, स्वतः संपादन करत असलेल्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ सायन्स’मध्ये, त्याने आपण ही तपासणी हाती घेतल्याचं जाहीर केलं. त्या लेखातली त्याची मागणी आजही वाचावीशी आहे. परलोकवादी सांगतात की आत्मे जड सामान हवेत उचलतात. ठीक आहे, मग माझ्या कुलूपबंद तराजूच्या एका पारड्यात ग्रेनचा हजारावा भाग एवढं वजन टाकून दाखवा, असा त्याचा आग्रह होता. वृत्तपत्रं खूश झाली. आता हा रसायनशास्त्रज्ञ सगळ्या भोंदूंचं पितळ उघडं पाडणार, असाच सर्वांनी अर्थ लावला.

त्याने तपासायला निवडला तो डॅनियल डंग्लस होम हा ‘माध्यम’, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क साधून देतो म्हणवणारा माणूस. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, कृश, मृदुभाषी. युरोपच्या राजदरबारांत त्याच्या बैठका झाल्या होत्या. बैठकीसाठी तो पैसे घेत नसे, भेटी मात्र स्वीकारी. एका श्रीमंत विधवेने मृत नवऱ्याच्या ‘निरोपा’वरून त्याला सुमारे ६०,००० पौंड देऊन टाकले होते आणि १८६८ मध्ये न्यायालयाने ते परत करायला लावले होते. इतर माध्यमं गडद अंधार मागत. होम पुष्कळदा दिव्याच्या उजेडात बसे आणि त्याला सर्वांसमक्ष रंगेहाथ पकडल्याचं कोणाला सांगता येत नव्हतं.

३१ मे १८७१ ची संध्याकाळ. क्रुक्स आधी होमच्या बिऱ्हाडी गेला आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याला कपडे बदलायला लावले, अंगावर काही यंत्र लपवलेलं नको म्हणून. मग त्याला मॉर्निंग्टन रोडवरच्या आपल्या घरी आणलं. साक्षीला खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स आणि कायदेपंडित एडवर्ड कॉक्स. जेवणाच्या टेबलाखाली लाकडी कड्यांचा आणि तांब्याच्या तारेचा पिंजरा ठेवला होता. त्यात क्रुक्सने स्वतः विकत आणलेलं कोरं अकॉर्डियन. होमने एका हाताने, पट्ट्या नसलेल्या टोकाकडून, ते धरायचं. दुसरा हात टेबलावर, सर्वांना दिसेल असा. क्रुक्स लिहितो की वाद्य हलू लागलं, सूर निघाले, एक ओळखीची चाल वाजली, आणि शेवटी होमने हात काढून घेतल्यावरही ते पिंजऱ्यात अधांतरी राहिलं.

मला या संध्याकाळचा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात खरा क्रुक्स दिसतो. ३६ इंच लांब, साडेनऊ इंच रुंद, एक इंच जाडीची महॉगनीची फळी. तिचं एक टोक भक्कम टेबलावर टेकलेलं, दुसरं तिवईवरून लोंबणाऱ्या ताणकाट्याला अडकवलेलं. होमने टेबलावरच्या टोकाला, टेकूच्याही अलीकडे, फक्त बोटांची अग्रं ठेवली. तिथे दाबलं तर पलीकडचं टोक खाली जायचं काहीच कारण नाही. तरी काटा खाली जाऊ लागला आणि कमाल ओढ सहा पौंडांची नोंदली गेली. क्रुक्स तेवढ्यावर थांबला नाही. तो स्वतः टेबलावर चढला आणि फळीच्या त्याच टोकावर एका पायावर उभा राहिला. त्याचं वजन १४० पौंड. काटा हलला दीड पौंड. अंगाला हिसके दिल्यावर दोन. पुढच्या प्रयोगांत त्याने फळीवर पाण्याचं भांडं ठेवलं आणि होमला बोटं फक्त पाण्यात बुडवायला सांगितली, म्हणजे फळीला दाब पोचायलाच नको.

हे आत्म्यांचं काम आहे असं त्याने म्हटलं नाही. काही माणसांच्या देहाशी जोडलेली एखादी अजून न ओळखलेली शक्ती असावी, एवढाच त्याचा दावा. तिला ‘सायकिक फोर्स’ हे नाव कॉक्सने सुचवलं. क्रुक्सने या प्रयोगांवरचा निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. चिटणीस जॉर्ज स्टोक्सने तो स्वीकारला नाही. प्रयोगात कुठे चूक राहू शकते याच्या शंका पत्रातून कळवल्या, पण प्रत्यक्ष येऊन पाहायचं निमंत्रण टाळलं. मग क्रुक्सने निबंध आपल्याच नियतकालिकात छापला. हगिन्सने सोबत पत्र दिलं, त्यात जे दिसलं ते तसंच दिसलं असं मान्य केलं आणि कारणाबद्दल मत द्यायचं नाकारलं. ऑक्टोबरात कार्पेंटरने निनावी लेखात क्रुक्सवर हल्ला चढवला. हा माणूस तंत्रात हुशार, पण विचाराची शिस्त नसलेला, असा त्याचा सूर होता. थॅलियम शोधणाऱ्याला तो वर्मी लागला आणि त्याने तिखट उत्तर दिलं.

सगळे असे ठाम नव्हते. फ्रान्सिस गॅल्टन १८७२ मध्ये क्रुक्सकडच्या बैठकांना गेला आणि बराच प्रभावित होऊन त्याने आपला मामेभाऊ चार्ल्स डार्विनला पत्रं लिहिली. डार्विनने आपली अडचण प्रांजळपणे सांगितली: क्रुक्सच्या शब्दावर अविश्वास दाखवता येत नाही आणि त्याच्या निष्कर्षावर विश्वासही ठेवता येत नाही.

स्टोक्सने प्रयोग पाहायला जायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. पण त्याच्या शंकेत दम होता. होमची शक्ती कधी प्रकट होई, कधी अजिबात होत नसे, हे क्रुक्सनेच लिहून ठेवलं आहे. म्हणजे प्रयोग कधी सुरू झाला आणि कधी फसला हे ठरवणारा शेवटी होमच होता. तराजूवर ठेवलेलं थॅलियम प्रयोगकर्त्याची नजर कुठे आहे हे पाहून वागत नाही. होम पाहू शकत होता.

यानंतर जे घडलं ते वाचताना त्रास होतो. हॅकनेमधली फ्लॉरेन्स कुक ही किशोरवयीन मुलगी माध्यम म्हणून नावाजू लागली होती. तिला पडद्याआड बांधून बसवलं, ती समाधीत गेली, की काही वेळाने पांढऱ्या वस्त्रांतली एक तरुणी बाहेर येई. नाव केटी किंग. ती चाले, बोले, लोकांचा हात हातात घेई. ९ डिसेंबर १८७३ रोजी विल्यम वोल्कमन नावाच्या पाहुण्याने केटीला घट्ट पकडलं. झटापट झाली, दिवा विझवला गेला, ती निसटली. ही फ्लॉरेन्सच आहे अशी त्याची खात्री पटली होती. बदनामीच्या त्या घटकेला फ्लॉरेन्स क्रुक्सकडे गेली आणि त्याने तिची परीक्षा घ्यायचं मान्य केलं.

१८७४ च्या आरंभी व्हार्लेने एक चाचणी केली. फ्लॉरेन्सच्या दोन्ही हातांना ओल्या टीपकागदावर सोन्याची सॉव्हरिन नाणी बांधून तिच्या देहातून क्षीण विद्युत्प्रवाह सोडला. ती उठून बाहेर आली तर प्रवाह तुटेल आणि काटा सांगेल, ही कल्पना. केटी बाहेर आली, काट्याने फसवणूक दाखवली नाही. इथवर उपकरण होतं. त्यानंतरच्या महिन्यांत क्रुक्सच्या लेखणीतून उपकरणं हळूहळू नाहीशी होत जातात. फ्लॉरेन्सचे कान टोचलेले, केटीचे नाहीत. केटी उंच, वर्णाने गोरी. एके रात्री केटीची नाडी ७५, लगेच नंतर फ्लॉरेन्सची ९०. हे अजून निरीक्षण तरी आहे. पण मग तो केटीला मिठीत घेण्याची परवानगी मागतो, ती मिळते, आणि ती हाडामांसाची असल्याची खात्री पटल्याचं तो छापतो. केटीचं सौंदर्य छायाचित्रात मावत नाही असं लिहून तो कवितेच्या ओळींकडे वळतो. त्याच्या घरात पाच कॅमेरे लावून ४४ काचा टिपल्या गेल्या. दोघींना एकत्र टिपताना उजेडाचा त्रास नको म्हणून जमिनीवर निजलेल्या फ्लॉरेन्सचा चेहरा शालीत झाकलेला असे. तीन वर्षांपूर्वी फळीच्या टोकावर स्वतः उभं राहून वजन मोजणाऱ्या माणसाला ती शाल बाजूला करून मगच काच टिपावी असं वाटलं नाही.

क्रुक्स आणि फ्लॉरेन्स यांच्यात प्रेमसंबंध होते आणि तो तिच्या फसवणुकीत सामील होता, असा आरोप विसाव्या शतकात ट्रेव्हर हॉल या लेखकाने केला. तो सिद्ध झालेला नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. सात वर्षांपूर्वी तरुण भाऊ गेलेला, विद्वानांनी खोटा ठरवलेला, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मोठा झालेला माणूस आपल्याच छताखाली कसा फसू शकतो, हे समजायला तेवढं पुरेसं आहे. २१ मे १८७४ ला केटीने कायमचा निरोप घेतला. फ्लॉरेन्स पुढेही बैठका करत राहिली. जानेवारी १८८० मध्ये जॉर्ज सिटवेलने बाहेर आलेल्या ‘आत्म्या’ला धरलं, तेव्हा हातात सापडली ती आतल्या कपड्यांतली फ्लॉरेन्सच.

१८७५ मध्ये अमेरिकन माध्यम अ‍ॅना इव्हा फे हिची परीक्षा क्रुक्सने पुन्हा विजेच्या साहाय्याने घेतली. पडद्याआड बसून तिने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने गुंडाळलेल्या दोन मुठी दोन्ही हातांत धरायच्या. एक हात सुटला तर प्रवाह तुटणार. घंटा वाजली, वस्तू पडद्याबाहेर आल्या, काटा मात्र जागचा ढळला नाही. क्रुक्सने तसं प्रसिद्ध केलं. फे म्हातारपणी जादूगार हुडिनीला भेटली तेव्हा तिने युक्ती सांगून टाकली: एक मूठ तिने गुडघ्याच्या बेचक्यात दाबून धरली होती, त्यामुळे प्रवाह चालू राहिला आणि एक हात मोकळा झाला. क्रुक्सला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. फेच्या बैठकांनंतर क्रुक्सने माध्यमांची नियमित परीक्षा जवळजवळ थांबवली.

पण त्याच काळात, त्याच घरात दुसरंही काही चाललं होतं, आणि ही संपूर्ण कथा कळायला ते समोर ठेवावं लागतं. थॅलियमचा अणुभार काटेकोर काढण्यासाठी तो निर्वात पेटीत वजनं करत होता. तेव्हा उष्ण वस्तू किंचित हलकी भरते असं त्याला दिसलं. कारण शोधता शोधता १८७५ मध्ये त्याने एक खेळण्यासारखी वस्तू बनवली: हवा काढून टाकलेल्या काचेच्या गोळ्यात टोकदार सुईवर चार पाती, एक बाजू काळी, दुसरी चकचकीत. ऊन पडताच भिरभिरणारी. इथेही त्याला वाटलं की आपण नवीच शक्ती पकडली, प्रकाशाचा थेट धक्का. इथेही तो चुकला. पण पुढच्याच वर्षी मँचेस्टरमध्ये आर्थर शुस्टरने तसाच गोळा टांगून पाहिला, तर पाती फिरताना काचेचा गोळा उलट्या दिशेने वळू पाहत होता. म्हणजे धक्का बाहेरच्या प्रकाशाचा नव्हता, गोळ्यात उरलेल्या विरळ हवेचा होता. १८७९ पर्यंत ऑस्बर्न रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल यांनी गणिताने ते पक्कं केलं. क्रुक्सने स्वतःही उरलेल्या वायूचं म्हणणं मान्य केलं आणि त्याच विरळ वायूच्या नळ्यांत वीज सोडून तो पुढे गेला. १८७९ ची त्याची ‘तेजोमय द्रव्या’वरची व्याख्यानं गाजली. क्रुक्सच्या नळीचाच वारसा घेऊन १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण आणि १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला.

दोन्ही ठिकाणी माणूस एक, चिकाटी एक, आणि नवी शक्ती सापडल्याचा भासही एक. फरक एवढाच की काचेचा गोळा कोणीही बनवू शकत होतं. होम मात्र एकच होता. १८७० च्या दशकात तो निवृत्त झाला आणि १८८६ मध्ये वारला. मॉर्निंग्टन रोडवरचा तो प्रयोग त्याच्यासह पुन्हा करून पाहायची वाटच उरली नाही.

१८८२ मध्ये केंब्रिजच्या हेन्री सिजविकच्या अध्यक्षतेखाली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली, ती क्रुक्ससारख्यांनी उठवलेल्या प्रश्नांना शिस्त लावण्यासाठी. तिचा एक धागा आपल्याकडेही येतो. मादाम ब्लावाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्यांनी मुंबईहून सुरू केलं. त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचा क्रुक्स १८८३ मध्ये सभासद झाला. ब्लावाट्स्कीचे अदृश्य गुरू मानल्या गेलेल्या ‘महात्म्यां’कडून येणाऱ्या पत्रांचा गवगवा वाढला तेव्हा केंब्रिजच्या मंडळींनी रिचर्ड हॉजसनला चौकशीसाठी भारतात धाडलं. १८८५ च्या अहवालात त्याने ती पत्रं बनावट ठरवली. हॉजसनने साक्षीदार तपासले, हस्ताक्षरं जुळवली, ब्लावाट्स्कीच्या मद्रासजवळ अड्यार इथल्या निवासातली कपाटं आणि भिंती पाहिल्या. क्रुक्सच्या दिवाणखान्यात अशा माणसाची उणीव होती.

क्रुक्सने मात्र आपलं म्हणणं कधी मागे घेतलं नाही. त्याच्या कारकिर्दीला याने तडाही गेला नाही. १८९७ मध्ये सर पदवी मिळाली. त्याच सुमारास तो सायकिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. १८९८ मध्ये ब्रिस्टलला ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून त्याने केलेलं भाषण मुख्यतः गव्हाच्या टंचाईवर होतं. चिलीचं नायट्रेट संपलं की जग उपाशी मरेल, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी हवेतला नायट्रोजन बांधावा, असं त्याने बजावलं, आणि दहा-बारा वर्षांत फ्रिट्झ हाबरने ते करूनही दाखवलं. त्याच भाषणाच्या शेवटी तो जुन्या प्रयोगांकडे वळला आणि छापलेल्यातलं काहीच परत घ्यावंसं वाटत नाही असं भर सभेत सांगितलं. १९१३ मध्ये, निबंध नाकारणाऱ्या त्या रॉयल सोसायटीचा तो अध्यक्ष झाला.

१९१६ मध्ये साठ वर्षांची सोबत देऊन पत्नी एलेन गेली. क्रू गावचा ‘आत्म्यांचा’ छायाचित्रकार विल्यम होप याने क्रुक्सचं छायाचित्र काढलं, त्यात एलेनचा चेहरा उमटला. एकाच काचेवर दोनदा चित्र टिपल्याच्या खुणा जाणत्यांना त्यात दिसल्या. ८४ वर्षांच्या क्रुक्सला ते खरं वाटलं. ४ एप्रिल १९१९ ला तो वारला.

त्याच वर्षी सायकिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला लॉर्ड रेली, आर्गॉन शोधणारा नोबेल विजेता. क्रुक्सचे निबंध वाचूनच तो तरुणपणी या विषयाकडे ओढला गेला होता, माध्यमांना त्याने आपल्या घरी आणून पाहिलं होतं, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याचा कौल अजून लागला नव्हता. हवं तेव्हा पुन्हा घडवता येत नाहीत अशा घटनांशी झुंजायला विज्ञानाकडे साधनं तोकडी आहेत, असं त्याने आपल्या भाषणात मांडलं आणि उल्का-पाषाणांचं उदाहरण दिलं: आकाशातून दगड पडतात असं गावकरी सांगत, विद्वान ते दीर्घकाळ धुडकावत आले, आणि अखेर गावकरी खरे ठरले. रेली जूनअखेर गेला.

पुढच्या पिढीने माध्यमाला दिवाणखान्यातून बाहेर काढून पत्त्यांचा जोड पुढे केला. पॅरिसच्या शार्ल रिशेने १८८४ मध्येच पत्ते ओळखण्याचे प्रयोग संभवशास्त्राने तपासून वाट दाखवली होती. १९३० च्या दशकात ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइनने हजारो फेऱ्या मोजून अतींद्रिय ज्ञान सिद्ध केल्याचा दावा केला. इतर विद्यापीठांतल्या मानसशास्त्रज्ञांनी तेच पत्ते घेऊन तसेच प्रयोग केले, तेव्हा पुष्कळांच्या हाती निव्वळ योगायोगाइतकेच आकडे आले.